रक्ताच्या पिशवीवरच्या दोन तारखा

पॅक्ड सेलची, म्हणजे प्लाझ्मा काढून उरलेल्या लाल पेशींची, पिशवी हातात आली की लेबलवर आधी दोन तारखा शोधा: रक्त घेतल्याची आणि मुदत संपण्याची. दोन्हींमध्ये बहुतेक वेळा ३५ किंवा ४२ दिवसांचं अंतर असतं. पस्तीस असेल तर पिशवीत सीपीडीए-१ हे गोठणरोधक द्रावण आहे. बेचाळीस असेल तर लाल पेशी वेगळ्या करून त्यांत सॅगएम किंवा त्याच जातीचं पोषक द्रावण घातलं आहे. द्रावणाचं नाव लेबलवर छापलेलंच असतं.

वय मोजायचं ते रक्त घेतल्याच्या तारखेपासून. ३ जूनला घेतलेलं रक्त सीपीडीए-१ मध्ये ८ जुलैपर्यंत चालतं, सॅगएममध्ये १५ जुलैपर्यंत. २५ जूनला या दोन्ही पिशव्या बावीस दिवसांच्याच असतात, पण एकीचे तेरा दिवस उरलेले असतात आणि दुसरीचे वीस. फक्त मुदतीची तारीख पाहून ‘ही ताजी, ही जुनी’ ठरवणारे इथे हमखास चुकतात.

आता खरा प्रश्न. हे वय रुग्णाला किती बाधतं? मुंबईतल्या कुठल्याही रक्तपेढीच्या खिडकीवर ‘जरा ताजं बघून द्या ना’ हे दिवसातून अनेकदा ऐकू येतं. दुकानात मागच्या रांगेतली दुधाची पिशवी ओढून काढायची आपली सवय इथेही येते. पण रक्तपेढी मुद्दामच आधी मुदत संपणारी पिशवी आधी देते, आणि बहुतेक रुग्णांसाठी त्यात काही वावगं नाही. थोड्या रुग्णांसाठी मात्र आहे. ते कोण हे ओळखता आलं पाहिजे.

फ्रिजमध्ये पेशीचं काय होतं

२ ते ६ अंश सेल्सिअसला ठेवलेली लाल पेशी झोपलेली असते, पण खातपीत असते. द्रावणातली साखर ती हळूहळू संपवते आणि आम्ल तयार करते. पिशवीतला पीएच सातच्या आसपास सुरू होतो आणि मुदतीच्या शेवटी साडेसहाच्या घरात येतो. पेशीला ऊर्जा पुरवणारं एटीपी कमी होतं, पेशीचं आवरण ताठर होतं, आणि मधे दाबलेल्या चकतीसारखी पेशी आधी काटेरी आणि मग गोल होत जाते. अशी पेशी बारीक केशवाहिनीतून सहज वाकून जात नाही. आवरणाचे बारीक तुकडे सुटतात आणि थोडं हिमोग्लोबिन बाहेर सांडतं. युरोपात मुदतीच्या शेवटी फुटलेल्या पेशींचं प्रमाण ०.८ टक्क्याच्या आत असावं लागतं, अमेरिकेत १ टक्क्याच्या.

सगळ्यात आधी कमी होतं ते २,३-डीपीजी. हे रसायन हिमोग्लोबिनला ऑक्सिजन सोडायला लावतं. दोन आठवड्यांत ते जवळजवळ संपतं. मग जुन्या पेशी ऑक्सिजन धरून ठेवतात, हातातून सोडत नाहीत. ऐकायला हे भयंकर वाटतं. पण पेशी रुग्णाच्या शरीरात गेल्या की २,३-डीपीजी परत बनतं. काही तासांत साधारण निम्मं येतं आणि दोन-तीन दिवसांत पूर्ववत होतं.

पोटॅशियमचं उलट. पेशीचा पंप थंडीत बंद पडतो आणि आतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं. सहाव्या आठवड्याच्या शेवटी पिशवीतल्या द्रवात ते लिटरमागे ५० मिलिइक्विव्हॅलंटपर्यंत जातं. रुग्णाच्या रक्तात हा आकडा साडेतीन ते पाच असतो, म्हणून पन्नास वाचून छातीत धस्स होतं. पण एका पिशवीत असा द्रव शंभर-सव्वाशे मिलीलिटर, म्हणजे एकूण पोटॅशियम पाच-सहा मिलिइक्विव्हॅलंट. एका मध्यम केळ्यात याच्या जवळपास दुप्पट असतं. केळं पोटातून सावकाश जातं आणि पिशवी थेट शिरेतून, हा फरक आहेच. तरी दोन-तीन तासांत सावकाश चढवलेली एक पिशवी मूत्रपिंड धड असलेल्या मोठ्या माणसाला या बाबतीत त्रास देत नाही.

पिशवीची मुदत ठरवताना कसोटी अशी लावतात: चढवल्यानंतर चोवीस तासांनी निदान ७५ टक्के पेशी रुग्णाच्या रक्तात फिरत असल्या पाहिजेत. म्हणजे मुदतीच्या टोकाला आलेल्या पिशवीतल्या पाव भागापर्यंत पेशी पहिल्याच दिवशी प्लीहा आणि यकृत गिळून टाकतात. त्यांतलं लोह एकदम मोकळं होतं. हा मुद्दा पुढे थॅलेसेमियात कामाला येईल.

मग मोठ्या चाचण्यांत फरक का दिसला नाही?

२००८ साली हृदयशस्त्रक्रियेच्या जुन्या नोंदींवरून एक अभ्यास आला. चौदा दिवसांपेक्षा जुनं रक्त मिळालेल्यांत मृत्यू आणि गुंतागुंत जास्त दिसली, आणि जगभर घबराट झाली. पण नोंदींवरून काढलेल्या अशा निष्कर्षात एक गोम असते. जो जास्त आजारी त्याला जास्त पिशव्या लागतात, आणि जितक्या जास्त पिशव्या तितकी त्यांत एखादी जुनी असण्याची शक्यता जास्त. रक्तगटाचाही परिणाम होतो: ‘ओ’ची पिशवी लगेच उचलली जाते, ‘एबी’ची फ्रिजमध्ये पडून राहते.

म्हणून चिठ्ठ्या टाकून रुग्ण वाटणाऱ्या चाचण्या झाल्या. २०१५ च्या ‘एबल’मध्ये अतिदक्षता विभागातले २,४०० हून जास्त प्रौढ होते. एका गटाला सरासरी सहा दिवसांचं रक्त दिलं, दुसऱ्याला बावीस दिवसांचं. नव्वद दिवसांतले मृत्यू अनुक्रमे ३७ आणि ३५.३ टक्के. ताज्याचा फायदा नाही. २०१६ च्या ‘इन्फॉर्म’मध्ये वीस हजारांवर रुग्ण होते आणि निकाल तोच आला. २०१७ चा ‘ट्रान्सफ्यूज’, हृदयशस्त्रक्रियेतला ‘रिसेस’, अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरचा ‘अरिपी’ आणि आजारी मुलांवरचा २०१९ चा ‘एबीसी-पिकू’ हे सगळे याच बाजूचे. आम्हाला यांत सगळ्यात बोलका वाटतो तो युगांडातला. तिथे रक्त अगदी उतरलेल्या, रक्तात लॅक्टिक आम्ल साठलेल्या २९० मुलांना एक ते दहा दिवसांचं किंवा पंचवीस ते पस्तीस दिवसांचं रक्त दिलं. ऑक्सिजनसाठी तडफडणाऱ्या शरीरात जुन्या पेशी नापास व्हायच्या तर तिथे व्हायला हव्या होत्या. दोन्ही गटांत लॅक्टेट सारखंच उतरलं.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायची. यांतल्या बहुतेक चाचण्यांत ‘जुनं’ म्हणजे तीन आठवड्यांच्या आसपासचं. ‘अगदी ताजं विरुद्ध अगदी शेवटच्या आठवड्यातलं’ अशी सरळ लढत त्यांनी लावलेली नाही. म्हणून एकाच रुग्णाला चार-पाच पिशव्या लागणार असतील तर सगळ्याच चाळीस दिवसांच्या घरातल्या देऊ नयेत. वेगवेगळ्या वयाच्या मिसळून द्याव्यात. बहुतेक रक्तपेढ्यांना हे सांगावं लागत नाही.

तारीख कुणासाठी बघायची

*नवजात बाळ, रक्त बदलायचं असेल तर.* तीव्र काविळीत बाळाचं रक्त बदलतात तेव्हा त्याच्या शरीरातल्या एकूण रक्ताच्या दुप्पट रक्त काही तासांत आत जातं. इथे पोटॅशियमचं केळ्याचं गणित कोसळतं, कारण माणूसच तीन किलोचा आहे. पाच दिवसांच्या आतलं रक्त मागा आणि रिक्विझिशन फॉर्मवर (मागणीच्या अर्जावर) ‘एक्स्चेंज ट्रान्सफ्यूजनसाठी’, म्हणजे रक्त बदलण्यासाठी, असं स्पष्ट लिहा. नुसतं ‘फ्रेश ब्लड’ लिहिलं तर रक्तपेढीतल्या तंत्रज्ञाला काहीच कळत नाही. कशासाठी हवं आहे, बाळाचं वजन किती, आईचा रक्तगट कोणता, हे लिहिलेलं असेल तर तो योग्य पिशवी स्वतःच काढतो.

त्याच बाळाला पुढे किलोमागे १० ते १५ मिलीलिटर असं थोडं थोडं रक्त लागलं तर मात्र ताज्याचा हट्ट उलटा पडतो. दर वेळी नवी ताजी पिशवी म्हणजे दर वेळी नवा दाता. त्यापेक्षा एकाच दात्याचं रक्त छोट्या जोडपिशव्यांत विभागून त्या बाळाच्या नावाने राखून ठेवायला सांगा. शेवटची जोडपिशवी तीन-चार आठवड्यांची होईल, तरी चालेल.

*इरॅडिएटेड पिशवी.* दात्याच्या पांढऱ्या पेशी निष्प्रभ करायला पिशवीला किरण देतात. त्याने लाल पेशीचं आवरणही गळकं होतं आणि पोटॅशियम झपाट्याने बाहेर येतं. अशा पिशवीची मुदत किरण दिल्यापासून २८ दिवस किंवा मूळ तारीख, यांतली जी आधी येईल ती. लहान बाळासाठी किरण दिल्यापासून चोवीस तासांत वापरा. मूळ पिशवी सहा दिवसांची असली तरी किरण चार दिवसांपूर्वी दिलेले असतील तर बाळासाठी ती ताजी नाही. इरॅडिएशनची तारीख वेगळ्या स्टिकरवर असते, ती शोधायला विसरू नका.

*मूत्रपिंड निकामी असलेला रुग्ण.* डायलिसिस चालू असताना रक्त चढवून घ्या. जादा पोटॅशियम आणि पाणी दोन्ही तिथल्या तिथे निघून जातं. त्याचं पोटॅशियम आधीच चढलेलं असेल आणि थांबायला वेळ नसेल तर धुतलेल्या पेशी मागता येतात. पण धुतल्यावर पिशवी चोवीस तासांतच संपवावी लागते. वॉर्ड तयार नसताना धुवायला सांगितलं की ती पिशवी वाया गेलीच म्हणून समजा.

*भराभर खूप रक्त लागणारा रुग्ण.* अपघात किंवा बाळंतपणातला रक्तस्राव. इथे पिशवी शोधण्यात वेळ घालवायचा नाही, मिळेल ती चढवायची. फक्त ब्लड वॉर्मर (रक्त कोमट करणारं यंत्र) लावा आणि पोटॅशियम, कॅल्शियम मधूनमधून तपासा.

*थॅलेसेमिया.* याबद्दल सविस्तर, कारण मुंबईत बोरिवलीपासून सायनपर्यंत कितीतरी घरं दर दोन ते पाच आठवड्यांनी या चक्रातून जातात. रक्त चढवण्याआधीचं हिमोग्लोबिन साडेनऊ ते साडेदहाच्या दरम्यान राखायचं असतं. थॅलेसेमियाच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना शक्यतो दोन आठवड्यांच्या आतलं रक्त सुचवतात. ताजं रक्त जीव वाचवतं म्हणून नव्हे, तर त्यातल्या पेशी जास्त दिवस टिकतात म्हणून. एका पिशवीबरोबर २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जातं आणि ते बाहेर टाकायची शरीराकडे सोय नाही. पाव भाग पेशी पहिल्याच दिवशी मेल्या तर लोह पूर्ण आलं आणि उपयोग पाऊणच झाला. वर्षाला दोन-तीन पिशव्या जास्त लागल्या तर लोहही तितकंच वाढलं.

म्हणून घरी एक वही ठेवा. दर खेपेला त्यात पिशवीचा क्रमांक, घेतल्याची तारीख, द्रावण, मिलीलिटर, आधीचं आणि नंतरचं हिमोग्लोबिन लिहा. सहा महिन्यांनी वही उघडली की पुढची खेप कशामुळे लवकर आली ते दिसतं. महाराष्ट्रात थॅलेसेमिया, सिकलसेल आणि हिमोफिलियाच्या रुग्णांना ओळखपत्रावर रक्त मोफत मिळतं. पंधरा दिवसांची पिशवी मिळाली म्हणून ती नाकारून खेप पुढे ढकलू नका. उतरलेलं हिमोग्लोबिन पिशवीच्या चार जास्तीच्या दिवसांपेक्षा जास्त नुकसान करतं.

याच्या अगदी उलट टोकाला बॉम्बे रक्तगट. १९५२ साली याच शहरात तो प्रथम ओळखला गेला. अशा रुग्णाला फक्त त्याच गटाचं रक्त चालतं. तिथे अडतिसाव्या दिवशीची पिशवीसुद्धा सोन्याच्या मोलाची असते, आणि ग्लिसरॉल घालून गोठवलेल्या पेशी तर दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात.

‘भावाचं ताजं रक्त द्या’

हे प्रेमापोटी सुचतं, पण यात धोका आहे. सख्ख्या नातेवाइकाच्या ताज्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जिवंत आणि जोमदार असतात, आणि जनुकं सारखी असल्याने रुग्णाचं शरीर त्यांना परकं म्हणून ओळखत नाही. त्या तिथेच ठाण मांडतात आणि रुग्णावरच उलटतात. हा आजार दुर्मिळ आहे, पण झाला तर बहुतेक रुग्ण वाचत नाहीत. सख्ख्या नात्यातलं रक्त द्यायचंच असेल तर ते इरॅडिएट करूनच. पांढऱ्या पेशी गाळणारा फिल्टर यासाठी पुरेसा नाही.

भावाला रक्त द्यायचं असेल तर ते पेढीच्या साठ्यात जाऊ द्या. त्यातही वेळ साधली तर उत्तम. गणपतीत मंडळोमंडळी शिबिरं होतात आणि फ्रिज भरून वाहतात. अनंत चतुर्दशीला घेतलेल्या पिशवीचे बेचाळीस दिवस वसुबारसेच्या आगेमागे संपतात. नेमकं तेव्हाच मुंबई गावाला गेलेली असते आणि शिबिरं बंद असतात. मे महिन्यात तेच. पुरुषाला तीन महिन्यांनी आणि बाईला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येतं, ते दिवस मोजून मे आणि दिवाळीत देणारा दाता पेढीला जास्त हवा असतो.

खिडकीपासून खाटेपर्यंत

फ्रिजमधल्या वीस दिवसांची चिंता करणारे नातेवाईक पुढच्या दोन तासांकडे दुर्लक्ष करतात. प्रत्यक्षात पिशव्या बिघडतात त्या इथेच.

वॉर्डात सुई लागली आहे, बीटी सेट (रक्त चढवायची नळी) आहे, सिस्टर मोकळ्या आहेत, एवढं फोनवर विचारूनच पिशवी इश्यू करून घ्या. एका वेळी एकच पिशवी घ्या, रक्तस्राव चालू असेल तर गोष्ट वेगळी. परळहून मुलुंडला जायचं असेल तर थर्माकोलचा किंवा आइसबॉक्सचा डबा हवाच. आत २ ते १० अंश तापमान राहिलं पाहिजे. बर्फाच्या पॅकवर पिशवी थेट ठेवू नका, मध्ये वर्तमानपत्राची जाड घडी किंवा टॉवेल घाला. बर्फाला चिकटलेल्या बाजूच्या पेशी गोठून फुटतात आणि अशी पिशवी चढवली तर रुग्णाची लघवी लाल होते. स्कूटरची डिकी नको, ती उन्हात भट्टी होते. जुलैत हिंदमाताला पाणी भरलेलं असताना पिशवी, क्रॉसमॅचचा (रुग्णाचं आणि दात्याचं रक्त जुळवून पाहिल्याचा) कागद आणि लेबल हे सगळं प्लास्टिकमध्ये बंद करा. लेबलवरचा क्रमांक भिजून पुसला गेला तर रक्त कितीही चांगलं असो, ते चढवता येत नाही.

वॉर्डात पोचल्यावर अर्ध्या तासात चढवायला सुरुवात करा. उशीर होणार असेल तर पिशवी रक्तपेढीत परत द्या, तीही तीस मिनिटांच्या आत. त्यानंतर पेढी ती परत साठ्यात घेऊ शकत नाही. वॉर्डातल्या इन्सुलिनच्या फ्रिजमध्ये ठेवणं हा सर्रास होणारा आणि सर्वात घातक उपाय आहे. त्या फ्रिजचं तापमान कुणी मोजत नाही आणि बर्फाच्या कप्प्याखाली ते शून्याच्या आसपास असतं. गरम पाण्यात पिशवी बुडवणं किंवा काखेत धरून ऊब देणंही तितकंच चूक. सावकाश चढणारं रक्त थंड असलं तरी काही बिघडत नाही.

लावण्याआधी पिशवी उजेडात धरा. पेशी खाली बसल्या असतील तर वरचा द्रव पाहा. तो लालसर गुलाबी असेल, गुठळ्या असतील, बुडबुडे असतील किंवा दाबल्यावर कुठे ओल दिसली तर थांबा. मग पिशवीला जोडलेल्या नळीच्या तुकड्यातला रंग पिशवीतल्या रंगाशी ताडून बघा. नळीत लाल आणि पिशवीत जांभळट काळं असेल तर आत जंतू वाढलेले असू शकतात. येर्सिनिया नावाचा जंतू चार अंशालाही वाढतो आणि त्याला वाढायला आठवडे लागतात. म्हणून तीन आठवड्यांपुढच्या पिशवीत ही ताडणी दुप्पट काळजीने करायची.

चढवताना सेटला फिल्टर हवा आणि सोबत फक्त नॉर्मल सलाइन. रिंगर लॅक्टेटमधल्या कॅल्शियमने रक्त गोठतं, डेक्स्ट्रोजने पेशी फुगून फुटतात. पहिली पंधरा मिनिटं अगदी सावकाश, आणि त्या वेळात सिस्टर खाटेजवळ. थंडी वाजून ताप, कंबरेत दुखणं किंवा दम लागला तर पिशवी बंद करा, सुई तशीच ठेवून सलाइन चालू करा आणि डॉक्टरांना बोलवा. पिशवी फेकू नका, पेढीला ती तपासायला लागते. सगळं ठीक असेल तर चार तासांच्या आत संपवा. चार तास झाले आणि थोडं उरलं असेल तर ते सोडून द्या.

दुसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन हवं तितकं वाढलं नाही तर सगळे पिशवीच्या वयाला दोष देतात. त्याआधी लेबलवरचे मिलीलिटर बघा. आपल्याकडे ३५० आणि ४५० अशा दोन्ही मापांत रक्त घेतात. दात्याचं हिमोग्लोबिन १४ (शंभर मिलीलिटर रक्तामागे ग्रॅम) धरलं तर पहिल्यात ४९ ग्रॅम हिमोग्लोबिन येतं आणि दुसऱ्यात ६३. ‘एका पिशवीने एक ग्रॅम वाढतं’ हा शंभर मिलीलिटरमागचा हिशेब साठ-सत्तर किलोच्या माणसाचा आणि तोही ढोबळ. ऐंशी किलोच्या माणसाला ३५० ची पिशवी दिली तर तिचं वय काहीही असो, एक ग्रॅम वाढणार नाही. माप बरोबर असूनही हिमोग्लोबिन वाढलं नाही तर कुठे रक्तस्राव चालू आहे का ते पाहा. सोबत बिलिरुबिन (लाल पेशी फुटल्या की वाढणारं रसायन) चढलं असेल तर नवं सॅम्पल पेढीकडे पाठवून अँटिबॉडी तपासायला सांगा.